मोहिनीनंतरची सदुसष्ट वर्षे

कमलाबाई गोखले यांच्याविषयी कुठेही वाचायला घेतले तरी पहिले वाक्य ठरलेले असते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मोहिनी झालेली ही मुलगी भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. दुसरी तिची आई, पार्वती झालेल्या दुर्गाबाई कामत. पुढचे वाक्यही ठरलेलेच: कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी एक ओळ दडलेली असते, ‘पुढे त्यांनी सुमारे पस्तीस चित्रपटांत कामे केली.’

हा लेख त्या मधल्या ओळीविषयी आहे. मोहिनीचे काम केले तेव्हा कमलाबाई तेरा वर्षांच्या आसपास होत्या. शेवटचा चित्रपट ‘गहराई’ १९८० साली आला तेव्हा त्या ऐंशीच्या होत्या. या सदुसष्ट वर्षांतले नायिकेचे दिवस थोडे, बाकीचा काळ छोट्या-मोठ्या भूमिकांचा आणि नाटकाच्या फिरस्तीचा. आपण तिच्या कपाळावर ‘पहिली’ हा टिळा लावला आणि पुढे ती बाई काय करून जगली, याची चौकशी बंद केली. माझ्या मते तिची खरी कारकीर्द त्या पुढच्या वर्षांतच आहे.

१९१३चा तो चित्रपट कसा घडला, इथून सुरुवात करावी लागते. आदल्याच वर्षी फाळके लंडनहून कॅमेरा आणि कच्ची फिल्म घेऊन परतले होते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधताना त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, नाटकवाल्यांना विचारले, शेवटी वेश्यावस्तीतही चौकशी केली. कुणीच तयार झाले नाही. नाटकात स्त्री-भूमिका पुरुष करत असले, तरी त्यांचे तंत्र आणि मानपान ठरलेले होते. या नव्या धंद्यात यायला त्यांतलेही फारसे कुणी उत्सुक नव्हते. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा, नाजूक बांध्याचा अण्णा साळुंके फाळक्यांना सापडला. तिथे त्याला दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लोकांनी पाहिलेली तारामती म्हणजे हा साळुंके. चार वर्षांनी ‘लंका दहन’मध्ये तोच राम झाला आणि तोच सीता.

हरिश्चंद्र चालला आणि फाळके आपला पसारा नाशिकला घेऊन गेले. तिथे ‘मोहिनी भस्मासुर’ उभा राहिला, आणि या वेळी त्यांना दोन बायका मिळाल्या. या दोघी मायलेकी नाटकातल्या, चित्ताकर्षक नाटक कंपनीत वावरलेल्या. पडद्यावर बाई उभी राहण्यासाठी अगोदर समाजाच्या उंबरठ्याबाहेर पडलेली बाई लागत होती, आणि दुर्गाबाई दहा वर्षांपूर्वीच तो उंबरठा ओलांडून आल्या होत्या.

दुर्गाबाईंचे यजमान आनंद नानोसकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. १९०३च्या सुमारास दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, पदरात लहानगी कमल. पांढरपेशा घरातल्या, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला त्या काळात पोटासाठी काय काय करता येत होते, याची यादी फार लांब नव्हती. कुणाच्या घरी धुणीभांडी, किंवा बदनामीचे आयुष्य, किंवा नाटक. दुर्गाबाईंना गाणे येत होते, वाद्ये वाजवता येत होती. त्यांनी नाटक निवडले. नाटक म्हणजे गावोगाव बिऱ्हाड, आज इथे तर पंधरा दिवसांनी तिथे. कमल शाळेत गेलीच नाही. जे शिकली ते आईकडून आणि तालमीच्या जागी. चार वर्षांची असताना ती रंगमंचावर उभी राहिली होती. कॅमेऱ्यासमोर आली ती मुलगी वयाने लहान, पण अनुभवाने कसलेली नटी होती.

‘मोहिनी भस्मासुर’च्या कथानकाविषयी मला एक गोष्ट नेहमी विलक्षण वाटत आली आहे. भस्मासुराला शंकराने वर दिला, की ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल. भस्मासुर शंकराच्याच मागे लागतो. तेव्हा विष्णू मोहिनीचे रूप घेतो, नाचता नाचता त्याला आपल्यासारखे हावभाव करायला लावतो, आणि असुराचा हात स्वतःच्या डोक्यावर जातो. पुरुषाने स्त्रीचा वेष घ्यायला पुराणानेच परवानगी दिलेली अशी ही भूमिका. साळुंकेसारख्या एखाद्याने ती केली असती तर कुणाला काही खटकले नसते. फाळक्यांनी नेमकी तीच भूमिका एका मुलीला दिली. त्यात योजना किती आणि योगायोग किती हे सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की त्याच वर्षी, १९१३मध्ये, गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली आणि बालगंधर्वांच्या भामिनीने, पुढे रुक्मिणीने, मराठी माणसाच्या डोळ्यांवर राज्य केले. स्त्री-भूमिका करणारा पुरुष लोकप्रियतेच्या शिखरावर असताना ही मुलगी मोहिनी झाली.

चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर चाले. उघड्यावर पडदे आणि चौकटी उभ्या करून, ऊन असेल तितका वेळ काम. तेव्हाची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. कुंकू, ओठ, लाल लुगडे हे सगळे पडद्यावर काळे दिसायचे, म्हणून रंगभूषेचा हिशेब नाटकापेक्षा वेगळा मांडावा लागे. कॅमेरा हाताने फिरवायचा, एकाच जागी रोवलेला, नट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. आवाज नव्हताच, त्यामुळे दिग्दर्शक समोरून मोठ्याने सूचना देत राही. नाटकात पदावर टाळी मिळते, वन्स मोअर मिळतो. इथे गळ्याचा काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो अंगाचा, पदन्यासाचा, डोळ्यांचा, आणि मोहिनीचे काम तर नाचाचेच होते.

आज हा चित्रपट उपलब्ध नाही. एकही रीळ उरलेले नाही. मोहिनी कशी नाचली हे आपल्याला कधीच पाहता येणार नाही, आणि म्हणून तिच्या ‘पहिलेपणा’बद्दल आपण जे काही बोलतो ते न पाहिलेल्या कामाबद्दलचे बोलणे आहे.

एका चित्रपटाने कमलाबाईंचे नाव झाले, पण त्यावर कारकीर्द उभी राहील अशी तेव्हा चित्रपटाची बाजारपेठच नव्हती. फाळके पुढेही पुरुषांकडून स्त्रिया उभ्या करत राहिले. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मायलेकी नाटकाकडे परतल्या. कमलाबाईंचे लग्न झाले ते रघुनाथराव गोखल्यांशी. रघुनाथराव किर्लोस्कर कंपनीतले नट, तिथे ते स्त्री-भूमिका करत. नंतर भावाच्या कंपनीत ते नायक झाले आणि समोर नायिका कमलाबाई. मराठी रंगभूमीचा एक सांधा या एका घरात बदलला. स्त्रीपार्टी म्हणून नावाजलेल्या नवऱ्याच्या शेजारी खरी बाई स्त्रीची भूमिका करू लागली, आणि तेही मराठी नाटकाने ही रीत म्हणून स्वीकारण्याच्या कितीतरी आधी. बायकांनीच स्त्री-भूमिका केलेले ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक यायला १९३३ साल उजाडायचे होते.

त्या मधल्या काळात पडद्यावर येणाऱ्या बाईला काय किंमत मोजावी लागत होती, याचा दाखला कोल्हापुरात आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’साठी, १९२० साली, गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना घेतले. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. चित्रपट गाजला, लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. या दोघींना मात्र त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. पडद्यावर द्रौपदीचा अपमान पाहून हळहळणारा प्रेक्षक आणि त्या बायकांना गल्लीत उभे न करणारा समाज, हे एकाच गावातले लोक होते. कमलादेवी पुढे १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्येही दिसल्या. सुशीलादेवींविषयी सापडते ते फारच थोडे. मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिताना पेंटरांच्या कॅमेऱ्याविषयी, त्यांनी उभारलेल्या देखाव्यांविषयी आपण पानेच्या पाने लिहिली आहेत. त्या आवारात राहिलेल्या दोन बायकांना एक परिच्छेद मिळतो. मला हे सहन होत नाही.

कमलाबाई पंचविशीत असताना रघुनाथराव गेले. पदरात दोन मुले, तिसरे पोटात. चंद्रकांत, लालजी आणि सूर्यकांत ही ती तीन मुले. पहिला नट झाला, पुढचे दोघे तबलावादक. ही मुले वाढली ती आईच्या कमाईवर, आणि आईची कमाई म्हणजे नाटक आणि सिनेमा. आजी दुर्गाबाईंनी नवरा सोडून लेकीला वाढवले होते, आता लेकीने नवऱ्याच्या माघारी मुलांना वाढवले. दोन पिढ्यांचे घर बायकांनी रंग लावून चालवले, हे या घराण्याच्या वंशावळीत पहिल्या ओळीत लिहायला हवे.

१९३१मध्ये ‘आलम आरा’ आला आणि वर्षभरात ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट. याच दशकात नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. थिएटरमालकांना नाटकापेक्षा बोलपट परवडू लागला. कंपनीच्या पंगतीत जेवणारी, कंपनीच्या पगारावर जगणारी शेकडो माणसे उघड्यावर आली. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले ते संत एकनाथ म्हणून, पुरुषाच्या वेषात. स्त्रीपार्टीला बोलपटात फारशी जागा उरली नव्हती. बायकांना जागा होती, पण नायिकेसाठी वय कोवळे लागे, आणि कमलाबाई तिशी ओलांडून गेल्या होत्या, तीन मुलांची आई होत्या.

तिशी ओलांडलेल्या नटीसाठी पडद्यावर ठरलेल्या जागा असत. नायकाची आई, नायिकेची मावशी, सासू, शेजारीण, राजवाड्यातली दासी, देवळातली म्हातारी. आजही फारसे बदललेले नाही. या भूमिकांना हस्तलिखितात नाव असतेच असे नाही, ‘आई’ किंवा ‘बाई’ एवढेच लिहिलेले असते. पण त्या करायला कसब लागते, आणि त्या कसबाबद्दल आपण बोलत नाही. नायिकेला पटकथा ऐकवली जाते, तालीम मिळते, तिच्या चेहऱ्यासाठी प्रकाश पुन्हा पुन्हा लावला जातो. छोट्या भूमिकेतल्या बाईला वाक्ये हातात पडतात ती सेटवर. रंगभूषा करून ती सकाळपासून बसते आणि तिचा शॉट लागतो दिवस मावळताना. तेवढ्या वेळात साडीची निरी विस्कटू द्यायची नाही, चेहऱ्यावरचा थकवा दिसू द्यायचा नाही, समोरच्या बड्या नटाचे वाक्य चुकले तर आपले पुन्हा तितक्याच ताजेपणाने म्हणायचे. आणि हे सगळे करून प्रेक्षकाचे लक्ष आपल्याकडे वळू द्यायचे नाही, कारण दृश्य दुसऱ्याचे आहे. भाजीतल्या मिठासारखे हे काम, कमी पडले तरच कुणाच्या लक्षात येते.

मूकपटात नाव झालेल्या बाईने पुढे छोटी कामे करणे ही पडझड मानायची का? हॉलिवूडने या प्रश्नाचे एक भीषण उत्तर दिलेले आहे. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही तिथली पहिली तारका म्हणून ओळखली जाते. १९१०पर्यंत कंपन्या नटांची नावेच जाहीर करत नसत, लोक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणत, कारण ती बायोग्राफ कंपनीत काम करायची. कार्ल लेमली याने तिला आपल्या कंपनीत ओढले आणि प्रसिद्धीसाठी एक डाव टाकला. ट्रॅमच्या अपघातात ती मेल्याची बातमी सेंट लुइसमध्ये पसरली, मग त्याने जाहिरात देऊन ती बातमी खोटी ठरवली आणि तिला लोकांसमोर उभे केले. तिथून नट-नट्यांची नावे विकण्याचा धंदा सुरू झाला. पुढे चित्रीकरणातल्या आगीत ती भाजली, प्रकृती ढासळली, जमाना बदलला. १९३०च्या दशकात एमजीएम स्टुडिओने जुन्या नटांना आठवड्याच्या पगारावर किरकोळ कामांसाठी ठेवून घेतले, त्यांत ती होती. गर्दीतला एक चेहरा, कधी एखादे वाक्य. २८ डिसेंबर १९३८ रोजी तिने विष घेतले. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९१ साली.

हॉलिवूडमध्ये तेव्हा छोट्या कामांचा कारखाना झाला होता. १९२५च्या अखेरीस स्टुडिओंनी मिळून सेंट्रल कास्टिंग ही संस्था काढली. हजारो माणसे तिथे नाव नोंदवून रोज फोन करत आणि आज काम आहे का विचारत. तिथे छोटी भूमिका म्हणजे तारा व्हायच्या वाटेवरची पायरी, नाहीतर तारेपण संपल्यावरची घसरण. लॉरेन्सला ती घसरण वाटली आणि त्या भावनेने तिला खाल्ले.

कमलाबाई वेगळ्या मुशीतून आल्या होत्या. त्या तारका झाल्या नव्हत्या, त्या नाटकवाल्या होत्या. कंपनीच्या नाटकात आज नायिका करणारी उद्या सखी करते, परवा कुणी आजारी पडले तर आयत्या वेळी त्याचे पुरुषाचे कामही करते, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. भूमिकेची लांबी मोजायची नसते, भूमिका अंगावर घ्यायची असते, हा कंपनीचा संस्कार. म्हणून १९१३च्या मोहिनीने पुढे पस्तीस चित्रपटांत उभे राहणे ही मला घसरण वाटत नाही. हा तिचा व्यवसाय होता. सुतार जसा दरवाजाही करतो आणि पाटही, त्यातलेच ते. तिने तीन मुलांचे पोट भरले आणि आपली कला चालू ठेवली, दोन्ही एकाच कामातून.

छोट्या भूमिकेने आयुष्याला कलाटणी मिळाल्याची उदाहरणेही आपल्याकडे आहेत. दुर्गा खोटे सुखवस्तू लाड घराण्यातल्या, खोट्यांच्या सून. १९३१ साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी लहानसे काम केले. चित्रपट पडला आणि ‘चांगल्या घरातली बाई’ सिनेमात गेली म्हणून मुंबईत गदारोळ उठला. पण त्या छोट्या कामामुळेच त्या व्ही. शांताराम यांच्या नजरेस पडल्या आणि ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या. अण्णा साळुंकेने केलेली भूमिका, एकोणीस वर्षांनी एका बाईने केली. ललिता पवारांचे याच्या उलट. येवल्याच्या या मुलीने मूकपटांतच बालकलाकार म्हणून सुरुवात केली आणि ती नायिका झाली. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांची चपराक जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. तीन वर्षांच्या उपचारांनंतर त्या परतल्या त्या चरित्र भूमिकांत. ‘अनाडी’तली मिसेस डिसा आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’मधली मंथरा पाहिलेल्या माणसाला त्यांच्या नायिकेच्या काळातले एक तरी नाव आठवते का? ललिताबाई आपल्याला आठवतात त्या दुसऱ्याच्या कथेतली माणसे उभी केल्यामुळे.

कमलाबाईंना हे भाग्य लाभले नाही, कारण त्यांचे काम पाहायला आपल्याकडे चित्रपटच फारसे उरले नाहीत. आपल्याकडे मूकपटाच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट झाले, त्यांतले मोजके शिल्लक आहेत, तेही पुष्कळदा तुकड्यांत. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. गोदामे जळली, रिळे ओलीने चिकटली, आणि फिल्मवरची चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी रिळे विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली, पहिल्या भारतीय चित्रपटानंतर अर्धशतकाने. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे वाचवले ते वाचले. बोलपटांच्या पहिल्या दोन दशकांचीही तीच दशा. जे चित्रपट टिकले त्यांच्या श्रेयनामावलीत प्रमुख नटांची नावे असतात, आणि मग ‘इतर’. नायिकेचा एखादा चित्रपट हरवला तरी तिची भित्तिपत्रके, मासिकांतली छायाचित्रे, गाण्यांच्या पुस्तिका उरतात. छोट्या भूमिकेतल्या बाईचा चित्रपट हरवला की तिचे सगळेच हरवते.

म्हणूनच रीना मोहन यांनी केलेल्या कामाचे मोल मला फार वाटते. त्यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपट १९९२चा, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुण्यात राहणारी, नव्वदीकडे झुकलेली ही बाई त्यात स्वतः बोलते. जुन्या भूमिका आठवते, त्या करून दाखवते, कॅमेऱ्यामागच्या मुलींशी हक्काने वागते. तिचा पहिला चित्रपट नष्ट झाला आहे, मधल्या चित्रपटांतली तिची दृश्ये शोधून काढणे कठीण आहे. पण आवाज, हात, डोळे आणि मिश्कील स्वभाव यांसह ही नटी इथे पूर्ण चौकटीत आहे, आणि या वेळी दृश्य तिचेच आहे. हा माहितीपट झाला नसता तर आपल्याजवळ खरोखरच ती एक ओळ उरली असती.

आज त्याच वाटेवरच्या बायकांना ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणतात. मुंबईत त्यांची महिला कलाकार संघ ही संघटना आहे, शिफ्टप्रमाणे मोबदला असतो, माणसे पुरवणारा सप्लायर असतो. लग्नाच्या दृश्यातल्या वऱ्हाडणी, बाजारातल्या बायका, दवाखान्यातल्या परिचारिका या सगळ्या तिथून येतात. त्यांतल्या कित्येकींनी तीस-चाळीस वर्षे काम केले आहे आणि त्यांचे नाव एकाही चित्रपटाच्या शेवटी आलेले नाही. आता फिल्म जळण्याची भीती नाही, नावे लिहायला पडद्यावर जागाही भरपूर आहे. मराठी निर्मात्यांनी एवढे सुरू करावे. एका वाक्यापुरती का होईना, जी बाई चौकटीत आली तिचे नाव श्रेयनामावलीत द्यावे. आणि कोल्हापूर, मिरज, नाशिक, पुणे इथल्या जुन्या नाटक-सिनेमावाल्या घरांत ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी ट्रंक असेल, तिच्यात करारपत्रे, पगाराच्या पावत्या, रंग लावलेल्या आजीचे छायाचित्र असेल, त्यांनी ती ट्रंक रद्दीत देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला दाखवावी. मागच्या बाजूला कुणी पेन्सिलीने नाव लिहिलेले असेल, तर तेही पुसू नये.